भाकरीतला भ

उंबरजे बाईंनी विडीचं पान आणायला सांगितलं,
माझ्याच घरून.
सूपभर होती आमच्याकडे, फरम्यावर कापलेली.
त्यातलं एक सुकलेलं, कडेचं, घेऊन गेले.
ओठांसमोर धर, म्हणाल्या, आणि म्हण बाकरी.
पान हललं नाही.
आता म्हण भाकरी.
पान हललं नाही.
वर्ग हसला, साखर पेठेतल्या यंत्रमागांसारखा,
एकदा सुरू झाला की थांबेना.

रात्री अम्मा विड्या वळत होती.
ओकटि, रेंडु, मूडु,
पंचवीस झाल्या की दोरा, की पुन्हा ओकटि.
मी तिच्यासमोर पान धरून
घर, धोतर, भाऊ, खाऊ,
पोटाच्या तळातून वारा काढून काढून मारत होते.
तंबाखूची भुकटी उडाली. ती खोकली, बराच वेळ.
मग म्हणाली, बिड्डा,
एवढा श्वास लागतो का गं त्यांच्या बोलण्याला?
(तेलुगूत म्हणाली. तेवढ्या श्वासात
तिचं वाक्य मावलं, वर थोडा उरलाही.)

पान हललं एका गुरुवारी.
बघायला कुणी नव्हतं,
कॅलेंडरवरचा मार्कंडेय सोडला तर.

पुढचं जास्त अवघड.
भिंत ती, दार ते, उंबरा तो,
का, ते कुणी सांगत नाही.
आमच्या घरात तिघंही एका पंगतीत जेवायची.
मी पाठ केलं. चुकले की स्वतःला चिमटा.
आणि रेडिओवरच्या बायकांकडून चोरला तो सूर,
वाक्य संपताना पदर सावरून
हळूच खाली बसणारा.

आता एसटी स्टँडवर माझा आवाज असतो.
अक्कलकोटकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर उभी आहे.
गाडी ती, फलाट तो,
आणि उभीमधला भ असा, की समोर पान असतं
तर थेट अक्कलकोटला गेलं असतं.

रिक्षावाला विचारतो, मॅडम, पुण्याच्या का ओ?
आणि कन्ना चौकाचे वीस रुपये जास्त सांगतो.
मी म्हणते, काय बे, येड्यात काढालास का?
तो दात दाखवून हसतो, वीस कमी करतो.
ही मराठी मला कुणी शिकवली नव्हती.
नळावर, बोळात, भांडता भांडता लागली,
हिच्यासमोर पान धरल्याचं आठवत नाही.

एकदा गड्ड्याच्या जत्रेत बाई दिसल्या,
पाकाळणाऱ्या उन्हात, पाळण्याच्या रांगेत.
नातवाला दटावत होत्या, बारो इल्ली,
भरभर, हात नाचवत, कन्नडमध्ये.
मला पाहिलं आणि वाक्याच्या मधोमध
मराठी झाल्या.
काय गं सरोजा, कशी आहेस?
घरी येताना आठवलं,
वर्ग हसला त्या दिवशी बाई हसल्या नव्हत्या.
त्यांच्या ओठांसमोर कुणी काय धरलं होतं,
विचारायचं राहून गेलं.

काल अम्मा डबा घेऊन स्टँडवर आली.
गुडघे धरत बाकावर बसली, केबिनच्या खिडकीखाली.
तुळजापूर गाडी अर्धा तास उशिरा धावत होती,
प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल मी
दिलगिरी व्यक्त करत होते,
शब्द न शब्द इस्त्री केलेला.
शेजारची बाई म्हणाली, टेप लावलीय वाटतं,
माणूस कुठं असं बोलतंय?
अम्मानं मान वर केली,
भोंग्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली,
माझा मुलगी.

खिडकी उघडी होती. मी ऐकलं.
आतापर्यंत हजार वेळा दुरुस्त केलं असेल तिला,
माझी गं अम्मा, माझी.
काल माईकवर हात ठेवून
नुसती बसून राहिले.

डब्यात शेंगाची चटणी होती,
आणि बाकरी.